बोटीवर मासळी कशी मोजायची: नागपूरकडच्या नव्या ऑब्झर्व्हर पोरापोरींसाठी

तेलंगखेडीच्या फिशरी कॉलेजातून निघालेली, नाहीतर झूलॉजी करून आता पुढं काय अशा विचारात असलेली आपल्याकडची पोरं-पोरी हल्ली विचारत असतात, की फिशरीज ऑब्झर्व्हर म्हणून बोटीवर जायचं तर तिथं नेमकं करायचं काय असतं. नेटवर जे सापडतं ते सगळं इंग्रजीत आणि बरंचसं अलास्काकडच्या बोटींचं, त्यामुळं नागपुरात बसून वाचताना अर्धं डोक्यावरून जातं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सगळं ओळीनं लिहून ठेवतोय, बोटीवर चढण्यापासून फॉर्म जमा करेपर्यंत.

काम असं असतं, की मासेमारी करणाऱ्या बोटीवर राहायचं पण मासेमारी करायची नाही, आणि जाळ्यात काय आलं, किती आलं, त्यातलं काय ठेवलं आणि काय परत पाण्यात फेकलं ते लिहायचं. यातलं "काय फेकलं" हे सगळ्यात महत्त्वाचं. बंदरावर उतरलेला माल बंदरावर मोजता येतो, कोचीची सीएमएफआरआय ही १९४७ पासूनची संस्था देशभरच्या लँडिंग सेंटरवर तेच करते, दिवसाला १५ किंवा कमी बोटी लागल्या तर सगळ्या बघतात आणि जास्त असल्या तर ठरलेल्या हिशोबाने त्यातल्या काही निवडतात. पण समुद्रातच फेकलेली बोटाएवढी पापलेटची पिल्लं किंवा जाळ्यात मेलेलं कासव बंदरापर्यंत येतच नाही ना, ते बघायला बोटीवरच माणूस लागतो.

आणि आपण सगळ्या बोटींवर नसतो. हिंदी महासागरात टुनाचं नियमन करणारी आयओटीसी आहे, तिचा नियम २४ मीटर आणि त्याहून लांब बोटींच्या किमान ५ टक्के फेऱ्या-जाळ्यांवर ऑब्झर्व्हर असावा असा आहे. पश्चिम पॅसिफिकच्या उष्ण पट्ट्यातल्या पर्ससीन (माशांच्या थव्याला गोल वेढा घालणारं जाळं) टुना बोटींवर २०१० पासून १०० टक्के ऑब्झर्व्हरचा नियम आला, पण तसं सगळीकडे नाही. ५ टक्के म्हणजे तुम्ही बघितलेला एक हॉल (जाळं एकदा टाकून ओढून वर काढलं की एक हॉल) न बघितलेल्या १९ हॉलच्या वतीनं बोलतो. तुमच्या टोपलीत जी गडबड झाली ती तिथंच राहत नाही, गुणाकार होऊन पुढं जाते आणि त्यावरून कुठली मासळी किती पकडू द्यायची ते ठरतं, म्हणजे कोणाच्या तरी रोजीरोटीचा प्रश्न असतो तो. म्हणून मला या कामाचं इतकं वाटतं.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा

नमुना आपण निवडायचा नसतो. नमुना आकड्याने निवडला पाहिजे, डोळ्याने किंवा हाताने नाही. बाकी सगळं या एका वाक्याच्या पोटात आहे.

कळमना मार्केटला संत्र्याचा ढीग बघितला असेल तर समजेल, वरवरची चार संत्री उचलून कोणी पूर्ण ढिगाचा भाव ठरवला तर तो फसणार, कारण वर काय ठेवायचं ते कोणीतरी ठरवलेलं असतं. डेकवर मासळीचा ढीग कोणी मुद्दाम रचत नाही, पण तो आपोआप रचला जातो. जाळं रिकामं होताना मोठे जड मासे एकीकडे घरंगळतात, बारीक मासळी आणि कोळंबी खाली बसते, पाण्याबरोबर काही कडेला वाहून जातं. आणि आपला हात मोठ्या, चमकदार, ओळखीच्या माशाकडंच जातो, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी. हे माझं नुसतं मत नाही, पॅसिफिकमधल्या टुना बोटींवर ऑब्झर्व्हर प्रत्येक उचलीतून हाताने पाच-पाच मासे घ्यायचे, नंतर तपासल्यावर कळलं की मोठे मासे प्रमाणापेक्षा जास्त उचलले जात होते. म्हणून तिथं नंतर वेगळी पद्धत वापरून बघितली, ठराविक उचलींमधला काही भाग सरळ एका डब्यात ओतायचा आणि त्या डब्यातलं सगळंच्या सगळं मोजायचं. त्यात हाताला निवडायला वावच राहत नाही.

निघायच्या आधी

किट स्वतः तपासा, कोणी भरून दिलं म्हणून तसंच उचलू नका. लटकवायचा काटा, मासे मोजायची पट्टी लावलेला लाकडी किंवा प्लास्टिकचा बोर्ड, मापाची टेप, दोन-तीन एकसारख्या टोपल्या किंवा क्रेट, चिमटा, चाकू, कात्री, कागदी पाकिटं, पाण्यात न भिजणारा कागद, आणि पेन्सिली भरपूर. पेन नको, खाऱ्या पाण्यात शाई पसरते आणि महिनाभराची मेहनत निळ्या डागात जाते. काटा तपासायला माहीत असलेलं वजन सोबत पाहिजेच, प्रमाणित ५ किंवा १० किलोचं. जाड हातमोजे दोन जोड्या.

उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि बोट सुटायच्या आधी घ्या, एकदा मळमळ सुरू झाली की गोळी पोटात टिकत नाही. अंबाझरीत नाव चालवली म्हणून समुद्र लागणार नाही असं काही नसतं. दोन-तीन दिवसात बहुतेकांचं बसतं, तोवर उघड्यावर थांबा, नजर क्षितिजावर ठेवा, कोरडं थोडं थोडं खात राहा.

बोटीवर चढल्यावर पहिला तास

मासळीचा विचार नंतर. आधी लाइफ जॅकेट कुठं आहे, लाइफ राफ्ट किती माणसांचा आणि त्याची तपासणीची तारीख उलटली तर नाही ना, संकटात सिग्नल पाठवणारं ईपर्ब लावलेलं आहे का, आग विझवायचं काय आहे, आणि गडबड झाली तर कुठं जमायचं. ऑब्झर्व्हर पाठवणाऱ्या बहुतेक प्रोग्राममध्ये याची चेकलिस्ट असते आणि ती पूर्ण होत नसेल तर ऑब्झर्व्हरला बोटीवर जायला नकार देता येतो. हा हक्क वापरताना संकोच करू नका. या कामात माणसं गेलेली आहेत, काही बोटीवरून बेपत्ता झालेली आहेत, त्यामुळंच पश्चिम पॅसिफिकच्या आयोगाने २०१६ मध्ये ऑब्झर्व्हरच्या सुरक्षेसाठी वेगळा नियम केला.

विंच चालू असताना ताणलेल्या वायरच्या रेषेत उभं राहायचं नाही. डेकवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय नाही. वर लटकलेल्या भरल्या जाळ्याखालून कधीच जायचं नाही, घाई असली तरी. आणि ढिगात उघडा हात घालायचा नाही, शिंगाळ्याचे काटे असतात, पाकटाच्या (रे माशाच्या) शेपटीला विषारी काटा असतो, आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर ट्रॉल (बोटीमागं ओढत न्यायच्या) जाळ्यात समुद्री साप येतात ते चांगलेच विषारी असतात. आधी काठीने किंवा हुकने पसरवून बघा, मग हात.

जागा मागून घेणं

तांडेलाशी (बोटीच्या कप्तानाशी) बोलून डेकवर एक कोपरा ठरवून घ्या जिथं तुमचा काटा लटकेल आणि टोपल्या राहतील. खलाश्यांच्या वाटेत नको पण मासळी जिथून जाते त्याच्या जवळ पाहिजे. काटा शक्यतो बोटीच्या मधोमध लटकवा कारण टोकांना हेलकावे जास्त असतात. तरी काटा हलणारच, तर त्याची रीत अशी की काटा वर कुठपर्यंत जातो आणि खाली कुठपर्यंत येतो ते दोन-तीन हेलकावे बघून मधला आकडा लिहायचा, एका झटक्यात जो दिसला तो नाही. रिकाम्या ओल्या टोपलीचं वजन आधी घ्या आणि वजा करा, ओली म्हणतोय कारण कोरड्या टोपलीपेक्षा ओली जड भरते. रोज सकाळी ते माहीत असलेलं १० किलोचं वजन लावून काटा काय दाखवतो ते लिहून ठेवा, बरोबर दाखवला तरी लिहा.

जाळं वर येताना

जाळं कधी टाकलं, कधी ओढायला घेतलं, अक्षांश-रेखांश, खोली, जाळ्याचा प्रकार आणि आसाचं (जाळ्याच्या भोकाचं) माप हे आधी भरा. नुसतं १२०० किलो आले याला काही अर्थ नाही, किती तास ओढून आले ते पाहिजे, तीन तासातले १२०० आणि सहा तासातले १२०० यात समुद्रातल्या मासळीची दोन वेगळी चित्रं आहेत.

जाळं वर येत असतानाच कडेला उभं राहून बघायचं. डेकवर यायच्या आधीच काही गळतं, काही खलाशी वरच्या वर काढून पाण्यात टाकतात, कासव किंवा मोठं पाकट असलं तर बहुतेक तेव्हाच जातं. त्यामुळं तांडेलाला आणि खलाश्यांना पहिल्याच दिवशी शांतपणे सांगून ठेवा की माझा नमुना निघेपर्यंत निवडानिवड सुरू करू नका, मला पाच-दहा मिनिटं द्या, मी उशीर करणार नाही. आणि मग खरंच उशीर करू नका, कारण उन्हात मासळी खराब होते आणि नुकसान त्यांचं होतं.

एकूण किती आलं

हे नमुन्याच्या आधी, कारण एकूण माहीत नसेल तर नमुना कशाचा ते कळणार नाही.

सोपी रीत क्रेट मोजायची. सगळा माल क्रेटमध्ये भरला जात असेल तर क्रेट मोजा आणि त्यातले मधूनमधून पाच-सहा क्रेट खरोखर काट्याला लावून सरासरी काढा. एकच क्रेट तोलून सगळ्याला तेच वजन लावायचं नाही, दिवस संपता संपता क्रेट हमखास कमी-जास्त भरले जातात.

क्रेट नसतील, माल सरळ डेकवरच्या हौदात पडत असेल तर आकारमानावरून काढायचं. हौदाची लांबी-रुंदी टेपने, मासळी किती उंचीपर्यंत आहे ते चार-पाच ठिकाणी काठी घालून बघायचं आणि सरासरी. समजा २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, आणि सरासरी उंची ४० सेंटीमीटर, म्हणजे १.२ घनमीटर, म्हणजे १२०० लिटर. आता माहीत असलेल्या मापाची एक टोपली त्याच मासळीने भरायची, समजा ४० लिटरची टोपली ३६ किलो भरली, तर लिटरला ९०० ग्रॅम. १२०० लिटरला १०८० किलो. ही टोपली दोन-तीनदा वेगवेगळ्या जागेवरून भरून बघा, कोळंबी आणि पाकट यांच्यात मोकळी जागा फार वेगळी राहते.

तिसरा आकडा तांडेलाचा. अनुभवी तांडेलाचा अंदाज बरेचदा चांगलाच असतो, तो लिहा, पण त्याच्या रकान्यात. तुमचा आकडा आणि त्याचा आकडा एकमेकांत मिसळायचे नाहीत आणि त्याचा ऐकून आपला सुधारायचा तर अजिबातच नाही.

नमुना काढणं

आता मुख्य काम. समजा हॉल १२०० किलोचा आहे आणि त्याचे ३० किलोचे ४० क्रेट भरणार आहेत. तुम्हाला वेळ आहे पाच क्रेट नीट मोजायला. ४० भागिले ५ म्हणजे दर आठवा क्रेट. पण सुरुवात कुठून? इथं चिठ्ठी काढा, १ ते ८ मधला एक आकडा, किंवा प्रोग्रामने दिलेला रँडम आकड्यांचा तक्ता असेल तर त्यातून. समजा ३ आला. मग तिसरा, अकरावा, एकोणिसावा, सत्ताविसावा आणि पस्तिसावा क्रेट तुमचा. पस्तिसाव्यात नुसता चिखल आणि खेकडे निघाले तरी तोच घ्यायचा, बाजूचा चांगला दिसतो म्हणून बदलायचा नाही. आणि चिठ्ठी मासळी डेकवर दिसायच्या आधी काढायची, दिसल्यावर नाही.

एकाच जागेवरून १५० किलो घेण्यापेक्षा हॉलच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत पसरलेले पाच क्रेट कधीही चांगले, कारण जाळ्यातून आधी पडणारा आणि शेवटी पडणारा माल सारखा नसतो.

जे मोठं आणि क्वचित येतं, म्हणजे मोठी मुशी (शार्क), पाकट, घोळ, ते या क्रेटच्या हिशोबात घालायचं नाही. ते पूर्ण हॉलमधून वेगळं काढून एकेक मोजायचं आणि तोलायचं. कारण १८ किलोचं एकच पाकट योगायोगाने तुमच्या क्रेटमध्ये आलं आणि तुम्ही त्याला आठने गुणलं तर कागदावर १४४ किलो पाकट तयार होतात जी समुद्रातून कधी आलीच नाहीत. आणि नाही आलं तर उलट, होतं ते कागदावरून गायब. म्हणून मोठ्या-दुर्मिळचं पूर्ण हॉल बघून, आणि बारीक-भरपूरचं नमुन्यातून, असे दोन वेगळे हिशोब. कुठला मासा कुठल्या हिशोबात ते हॉल वर यायच्या आधीच ठरवून लिहून ठेवा.

टोपलीतलं मोजणं

नमुन्याच्या प्रत्येक क्रेटमधली मासळी जातीप्रमाणे वेगळी करा, प्रत्येक जातीचं वजन आणि नग दोन्ही लिहा. करंदीसारखी बारीक मासळी नगाने मोजत बसलात तर रात्र होईल, तिथं त्यातलाच एक किलो रँडम काढून तो मोजा आणि किलोला इतके नग असं काढा.

मग गुणक. एकूण १२०० भागिले नमुना १५०, म्हणजे ८. नमुन्यात पापलेटची ७५ पिल्लं निघाली आणि त्यांचं वजन ३ किलो भरलं, तर पूर्ण हॉलचा अंदाज ६०० पिल्लं, २४ किलो. एका हॉलचे. ती मोठी होऊन बाजारात यायची होती, आणि त्यांना तर पाण्यातच टाकून दिलं, तुमच्या ओळीशिवाय त्यांचा कुठंही पत्ता लागला नसता. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवला, तो आकार ठरवायला आणि नंतर त्याचा काही फायदा होतोय का ते बघायला असलेच आकडे लागतात. गुणाकार मात्र डेकवर करू नका, कच्चे आकडे लिहा, गुणणं नंतर.

ओळखीबद्दल आपल्या भागातल्या पोरांनी जास्त सांभाळायचं. वाम म्हटलं की आपल्याला गोड्या पाण्यातली वाम आठवते, किनाऱ्यावर वाम वेगळीच, शिंगाळ्याचं तेच. म्हणून फॉर्मवर स्थानिक नाव एकटं लिहायचं नाही, शास्त्रीय नाव किंवा प्रजातीचा कोड, टुनाच्या बोटींवर एफएओचे तीन अक्षरी कोड चालतात. ओळख पटली नाही तर "ओळख पटली नाही" असंच लिहा, मापाच्या पट्टीसकट बाजूने फोटो काढा, शक्य झालं तर नमुना बर्फात ठेवा. ढोमा ढोमा म्हणून तीन जाती एका ओळीत ढकलण्यापेक्षा ते फार बरं.

लांबी, पोट आणि डोक्यातले दगड

लांबीसाठीचे मासेसुद्धा निवडायचे नसतात, नमुन्यातल्या एका जातीचे सगळे, नाहीतर दर तिसरा-चौथा. मासा बोर्डवर आडवा ठेवा, तोंड मिटलेलं, नाक समोरच्या फळीला टेकलेलं, शेपूट सरळ. जी सेंटीमीटरची रेघ पूर्ण पार झाली ती लिहा, २३.८ असेल तर २३, वर ढकलून २४ करायचं नाही, तुमच्या प्रोग्रामचा नियम वेगळा असेल तर तो. कुठली लांबी ते जरूर लिहा. टुना, बांगड्याची शेपटीच्या खाचेपर्यंत घेतात, पाकटाची रुंदी, म्हाकुलाच्या (स्क्विडच्या) नुसत्या अंगाची लांबी सोंडा सोडून, कोळंबीची डोळ्याच्या खोबणीपासून कवचाच्या मागच्या काठापर्यंत, खेकड्याच्या कवचाची रुंदी. दोन ऑब्झर्व्हरनी दोन वेगळ्या लांब्या घेऊन एकाच रकान्यात भरल्या तर नंतर त्या वेगळ्या करता येत नाहीत.

नर-मादी बघायला मागच्या छिद्रापासून पुढे गळ्याकडे पोट कापा, चाकूचं टोक वर धरून, खोल नाही, नाहीतर आतलं फाटतं. मादीची अंडाशयं पिवळसर-नारिंगी, पिकली की दाणे डोळ्यांनी दिसतात, नराची वृषणं पांढरी आणि गुळगुळीत. पोट हलकं दाबल्यावर अंडी वाहत असतील तर ती पूर्ण पिकलेली. टप्पे किती आणि कसे ते तुमच्या मॅन्युअलमध्ये असतात, सुरुवातीला प्रत्येक टप्प्याचा फोटो जवळ ठेवा.

आता ओटोलिथ, म्हणजे माशाच्या कानातले पांढरे दगड. झाडाच्या खोडासारखी यात वर्षाची वलयं धरतात म्हणून वय कळतं. पहिल्यांदा शिकायला ढोम्यासारखा चांगला मासा नाही, कारण त्याचे दगड अंगाच्या मानाने चांगले मोठे असतात. डोक्याच्या वरून, डोळ्यांच्या थोडं मागं, चाकूने आडवा पातळ काप घेऊन कवटी झाकणासारखी उघडायची, मेंदू हळूच बाजूला केला की खाली दोन्हीकडे एकेक दगड खोबणीत बसलेला दिसतो. चिमट्याने घट्ट न दाबता उचला, बोटांवर चोळून त्याचा पातळ पापुद्रा काढा, पाण्याने धुवा, पुसा, आणि कोरड्या कागदी पाकिटात टाका. पाकिटावर हॉल नंबर, जात, लांबी, वजन, नर-मादी सगळं दगड टाकायच्या आधी लिहा, नंतर पाकीट ओलं झालं की लिहिता येत नाही. आपल्या रोहू-कतल्यावर हा सराव तितका होत नाही, त्यांच्यात वयासाठी बहुतेकदा खवले बघतात.

लाँगलाइन आणि पर्ससीनवर

लाँगलाइनवर, म्हणजे एकाच लांब दोरावर, हजारो गळ असतात आणि ओढायलाच दहा-बारा तास जातात, मासा एकेक करून येतो. इथं टोपली नाही, वेळेचा नाहीतर गळांचा तुकडा हा नमुना. कुठले तुकडे बघायचे ते पुन्हा चिठ्ठीने, आणि त्या तुकड्यात येणारा प्रत्येक गळ मोजायचा, रिकामा, आमिष शाबूत, मासा, तुटलेला, सगळं. जेवायला, झोपायला गेलात तर ती वेळ "बघितली नाही" म्हणून लिहा, त्यात लाज वाटायचं काही नाही. काही आलं नाही तेव्हा शून्य लिहायचं आणि बघितलंच नाही तेव्हा रेघ मारायची, हे दोन वेगळे आहेत. शून्य ही माहिती आहे, आणि न बघता लिहिलेलं शून्य ही खोटी माहिती.

पर्ससीनवर मासा मोठ्या डोलासारख्या ब्रेलने उचलून आत टाकतात. ब्रेल किती, प्रत्येक किती भरलेला, पूर्ण की अर्धा, ते मोजा आणि नमुना वर सांगितल्यासारखा ओतून घ्या.

कासव आलं तर

कासव आलं की बाकी काम थांबवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात सगळी समुद्री कासवं येतात, आणि कासव सोडणारं टेड हे यंत्र जाळ्यांना नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं, त्याचा फटका किनाऱ्यावरच्या किती घरांना बसला असेल विचार करा. जाती, पाठीच्या कवचाची टेपने वळणावरून लांबी, जिवंत की मेलेलं की सुस्त, गळ अडकलाय का, हे लिहायचं. हलत नाही म्हणजे मेलंच असं समजून फेकू देऊ नका, पोटावर ठेवून मागची बाजू साधारण १५ सेंटीमीटर उंच करा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं, सावलीत, ओल्या कापडाखाली, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. शुद्धीवर यायला काही तास लागतात, कधी एक दिवस. पुढच्या फ्लिपरला धरून ओढायचं नाही. सोडताना इंजिन न्यूट्रलमध्ये आणि जाळं पाण्यात नसताना. खलाश्यांनी हे आनंदाने केलेलं मी बघितलंय, कासवाला देव मानणारे खूप आहेत, त्यांना फक्त कसं करायचं ते सांगायला कोणी पाहिजे असतं.

तांडेल आणि खलाशी

तुम्ही पोलीस नाही. काही बेकायदा दिसलं तर ते जसं दिसलं तसं, वेळ आणि जागेसकट लिहायचं आणि आपल्या प्रोग्रामला द्यायचं, डेकवर भांडण काढायचं नाही. तांडेलाला तांडेल म्हणा, काका म्हणा, त्याच्या बोटीवर आपण पाहुणे. त्यांच्याबरोबर खा, पण मासे भेट म्हणून घरी नेऊ नका, पैसे तर नाहीच. जाळं कुठं टाकलं, किती आलं हे त्यांचं धंद्याचं गुपित आहे, म्हणून बोटीचे फोटो व्हॉट्सॅप स्टेटसला टाकणं बंद. मुली असाल तर झोपायची जागा, बाथरूम आणि दरवाज्याची कडी हे निघायच्या आधी प्रोग्रामकडून लेखी ठरवून घ्या, बोटीवर जाऊन बघू असं नको.

नागपुरात राहून सराव

समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला तरी सराव इथंच होतो. रविवारी सकाळी सदरच्या मंगळवारी बाजारात जा, बर्फातून आलेली समुद्राची मासळी असते, दर वेळी पाच जाती पक्क्या करा, विकणाऱ्या मावशींना विचारा, त्या एका नजरेत सांगतात, मग घरी येऊन शास्त्रीय नाव शोधा. आसपासच्या तलाव-धरणांवर मच्छीमार सहकारी संस्था असतात, अध्यक्षांना भेटून परवानगी घ्या, पहाटे ढिवर बांधव जाळी काढून वजनाला येतात तेव्हा एका नावेचा माल मोजा. आधी दर चौथी टोपली चिठ्ठीने घेऊन अंदाज काढा, मग त्याच नावेचा पूर्ण माल मोजून ताडून बघा. नंतर तसंच एकदा हाताला येईल ते उचलून करा आणि दोन्ही अंदाज खऱ्या आकड्याशेजारी ठेवा. हा सराव ज्याने केला त्याला रँडम काहून पाहिजे ते परत सांगावं लागत नाही.

परत आल्यावर

डेकवर चुकलेला आकडा खोडरबरने पुसायचा नाही, एक रेघ मारून बाजूला नवा लिहायचा, जुना वाचता आला पाहिजे. रोजचा डेटा रोज संध्याकाळी तपासा, चार दिवसांनी आठवून भरलेला रकाना कोरा ठेवलेल्या रकान्यापेक्षा वाईट. बंदराला लागल्यावर डीब्रीफिंग होतं, अनुभवी माणूस तुमचा एकेक हॉल घेऊन विचारतो, हा नमुना कसा काढला, इथं २३ सेंटीमीटरचा मासा २ किलोचा कसा, या हॉलला चिठ्ठीत काय आलं होतं. वाईट वाटून घेऊ नका, तो आकडे वाचवत असतो. तिथं उत्तर द्यायला पद्धत लिहिलेली पाहिजे, म्हणून प्रत्येक हॉलच्या फॉर्मवर खाली दोन ओळी, क्रेट कसे निवडले आणि काय अडचण आली. आणि डीब्रीफिंग पूर्ण होईपर्यंत डेकवरचे ओले, चुरगळलेले, मासळीचा वास येणारे मूळ कागद फेकू नका, कॉम्प्युटरवर भरलेल्या शीटबरोबर तेही द्यायचे असतात.